पानथरीची साक्ष

गेल्या वर्षीं बी. ए. च्या वर्गाला एकोणिसाव्या शतकांतील न्यायव्यवस्था शिकवीत असतां बोलण्याच्या ओघांत माझ्या तोंडून ‘पानथरी’ हा शब्द निघून गेला. समोर साठेक मुलें बसलीं होतीं. त्यांपैकीं बहुतेकांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. एकानें ती पानाफुलांची कांहीं आरास असावी असा तर्क केला. दुसऱ्याला ती पत्रावळीची एखादी जात वाटली. शेवटीं भीमेच्या वरच्या खोऱ्यांतून, वाड्याच्या बाजूनें एस. टी. नें येणारी एक मुलगी भीत भीत म्हणाली, “सर, पोटांत डाव्या अंगाला वाढते ती. आमची आजी सांगते.”

उत्तर बरोबर होतें. आणि तें आजीच्या हवाल्यानें आलें हेंहि साहजिकच होतें. मला स्वतःला हा शब्द माझ्या आजीकडूनच मिळालेला आहे. तीहि याच खेड तालुक्याच्या पश्चिम भागांतली. तिच्या डाव्या बरगडीखालीं जुन्या रुपयाएवढे तीन डाग होते. लहानपणीं मीं ते बोट लावून मोजलेले आहेत. ती सात-आठ वर्षांची असतां तिला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊं लागला. तो दोन पावसाळे हटला नाहीं. अंग वाळलें, डोळे पांढरे पडले आणि पोट तेवढें डावीकडे दगडासारखें कठीण होऊन पुढें आलें. तेव्हां गांवांतल्या एका जाणत्यानें विळा तापवून तिला डाग दिले. “माझी पानथरी जाळली,” असें ती सांगे, आणि तें सांगतांना तिच्या स्वरांत तक्रार नसे.

पानथरी कशानें वाढते हा वैद्यकाचा प्रश्न. मी वैद्य नव्हें. इतिहासाचा अध्यापक आहें. परंतु या एका अवयवाच्या वाढीचा आपल्या देशाच्या इतिहासाशीं असा विलक्षण गुंता झालेला आहे कीं, त्याची हकीकत एकदां सलग मांडावी असें त्या दिवसापासून मनांत होतें.

आधीं शरीराची गोष्ट थोडक्यांत सांगणें भाग आहे. निरोगी माणसाची प्लीहा डाव्या बाजूस नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. वजन सुमारें दीडशे ग्रॅम. पोट चाचपून ती सहसा हाताला लागत नाहीं. लागली तर ती चांगलीच वाढली आहे असें समजावें. तिचें एक मुख्य काम रक्त गाळण्याचें. जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी ती वेगळ्या काढून मोडून टाकते आणि रक्तांतून फिरणारे जंतु अडवून धरते. हिंवतापाचे जंतु तांबड्या पेशींतच शिरून वाढतात. त्यामुळें तापाच्या प्रत्येक पाळीला या गाळणीवर असंख्य बिघडलेल्या पेशींचा भार येतो. ती रक्तानें भरते, फुगते. औषध मिळून ताप गेला तर ती पुन्हां आकसते. पण दर पावसाळ्याच्या अखेरीस ताप, आणि असें वर्षामागून वर्ष, झालें म्हणजे ती मोठीच राहते. बेंबीपर्यंत, कधीं तिच्याहि खालीं उतरते. अशी प्लीहा बरगड्यांच्या आश्रयाबाहेर आलेली असते व तिचें आवरण ताणलेलें असतें. पाय घसरून पडणें, बैलाची ढुशी, एखादा गुद्दा एवढ्यानेंहि ती फाटते, पोटांतल्या पोटांत रक्तस्राव होतो आणि माणूस थोडक्या वेळांत दगावतो. बाहेर कातडीवर कित्येकदां ओरखडाहि दिसत नाहीं. वाचकांनीं ही शेवटली गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील हकीकतीचें सारें मर्म तिच्यांत आहे.

कारणांचा शोध फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत आठ उदररोग सांगितले आहेत, त्यांत प्लीहोदर हा एक. जेवल्यावर वाहनांतून धक्के खात केलेला प्रवास, अतिश्रम, ओझीं वाहणें, फार चालणें, दुखण्यानें आलेली कृशता अशीं कारणें तेथें दिलीं आहेत. आणि प्लीहा आरंभीं लहान कठीण गोट्यासारखी हाताला लागते व वाढत वाढत कांसवासारखी होते असें वर्णन केलें आहे. ज्यानें हें लिहिलें त्यानें कित्येक पोटें स्वतःच्या हातानें चाचपलीं असलीं पाहिजेत. सुश्रुतानें विदाही व अभिष्यंदी अन्नाकडे दोष दिला आणि डाव्या कोपराजवळील शीर तोडून रक्त काढण्यास सांगितलें. आपल्या माळावर आपोआप उगवणाऱ्या उन्हाळीला, म्हणजे संस्कृत शरपुंखेला, ‘प्लीहशत्रु’ असें नांवच निघंटूंत मिळालेलें आहे. विशेष हें कीं, वातकफप्रधान प्लीहोदराला चरकानें अग्निकर्महि सांगितलें आहे. तेव्हां माझ्या आजीला डागणाऱ्या त्या निरक्षर माणसाच्या विळ्यामागें शास्त्राधार नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें गुण येत नाहीं, हा भाग वेगळा. मेळघाटांत पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांना असे चटके दिल्याच्या बातम्या या शतकांतहि आपण वाचल्या आहेत.

तिकडे ग्रीसमध्यें हिपोक्रेटिसच्या नांवावर चालणाऱ्या हवा, पाणी व स्थळें यांवरील प्रकरणांत, दलदलीचें साचलेलें पाणी पिणाऱ्यांच्या प्लीहा मोठ्या व टणक असतात असें म्हटलें आहे. पिण्याशीं संबंध जोडला ही चूक. पण साचलेल्या पाण्याकडे दाखविलेलें बोट अगदीं योग्य ठिकाणीं होतें.

आतां न्यायालयाकडे वळूं. १८७५ सालच्या एका रविवारीं आग्रा येथें फुलर नांवाचा एक इंग्रज वकील कुटुंबासह चर्चला निघाला होता. गाडी दाराशीं उभी होती, पण कतवारू नांवाचा त्याचा मोतद्दार वेळेवर हजर नव्हता. फुलरनें त्याच्या डोक्यावर व तोंडावर उघड्या हातानें मारलें आणि केंस धरून ओढलें. त्यासरशीं तो खालीं पडला. फुलर मंडळी गाडींत बसून प्रार्थनेला गेली. कतवारू उठला, शेजारच्या आवारांत गेला, आणि तेथें जवळजवळ लागलाच मरण पावला. शवपरीक्षेंत प्लीहा फाटलेली आढळली. ती रोगानें वाढलेली असल्यामुळें अगदीं हलका मार किंवा नुसतें पडणेंहि ती फाटण्यास पुरेसें झालें असतें, अशी वैद्यकीय साक्ष झाली. लीड्स नांवाच्या जॉइंट मॅजिस्ट्रेटनें फुलरला इच्छापूर्वक दुखापत केल्याबद्दल दोषी ठरविलें आणि तीस रुपये दंड, न दिल्यास पंधरा दिवसांची साधी कैद, अशी शिक्षा दिली. दंडाची रक्कम कतवारूच्या विधवेला द्यावी असाहि हुकूम झाला.

प्रकरण येथेंच मिटायचें. पण त्याचे कागद कलकत्त्यास गेले. तेथून चौकशी झाली तेव्हां, शिक्षा कदाचित् सौम्य असेल पण तिच्यावर विशेष आक्षेप घेण्याजोगें कांहीं नाहीं, असा अभिप्राय अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें दिला. नुकताच आलेला व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याला तो पटला नाहीं. ७ जुलै १८७६ च्या टिपणांत त्यानें मॅजिस्ट्रेट, प्रांतिक सरकार व उच्च न्यायालय या तिघांनाहि ठपका दिला, नोकरांना मारझोड करण्याच्या युरोपियनांच्या संवयीचा निषेध केला आणि लीड्सला वर्षभर बढती देऊं नये असें फर्माविलें. अँग्लो-इंडियन समाजांत यावर केवढा गहजब उसळला! व्हाइसरॉयनें न्यायखात्यांत हात घातला, गोऱ्या माणसाच्या इभ्रतीला धक्का लावला, अशी ओरड वर्तमानपत्रांतून महिनोन् महिने चालली. हाच लिटन पुढें दोनच वर्षांत देशी वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा करणार होता. आणि दक्षिणेंत दुष्काळानें माणसें मरत असतां दिल्लींत दरबार भरविणाराहि हाच. तरी या एका टिपणापुरतें श्रेय त्याचें त्याला दिलेंच पाहिजे.

कायदा काय म्हणत होता तें पाहण्यासारखें आहे. १८६० च्या दंडसंहितेंतील सदोष मनुष्यवधाचें कलम २९९ वें. त्याला जोडलेलें पहिलेंच स्पष्टीकरण असें कीं, रोगानें किंवा शारीरिक दौर्बल्यानें पीडलेल्या माणसाला इजा करून कोणी त्याचें मरण लौकर ओढवून आणलें, तर त्यानेंच तें मरण घडविलें असें मानावें. म्हणजे मेलेला माणूस आधींच रोगी होता हें उत्तर कायद्यानें आगाऊ नाकारलेलें होतें. मग फुलर तीस रुपयांवर कसा सुटला? तर मरण घडविलें एवढ्यानें सदोष मनुष्यवध सिद्ध होत नाहीं. त्याला हेतु किंवा ज्ञान लागतें. रोग ठाऊक असून ठोसा मारला तर तो खून. रोग ठाऊक नसेल आणि निरोगी माणूस मेला नसता इतकाच मार असेल तर खून नव्हे, असें उदाहरण पुढल्याच कलमाखालीं दिलें आहे. आतां आपल्या मोतद्दाराच्या अंगरख्याखालीं प्लीहा केवढी आहे हें धन्याला कोठून ठाऊक असणार?

हें उत्तर तर्काला धरून आहे. परंतु १८५६ सालीं नॉर्मन चेव्हर्स या कलकत्त्याच्या डॉक्टरनें हिंदुस्थानांतील न्यायवैद्यकावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत वाढलेली प्लीहा फाटून होणाऱ्या मृत्यूंचा विचार आलेला आहे. तापाच्या प्रदेशांतील गोरगरिबांची पोटें अशीं असतात ही गोष्ट जिल्ह्याच्या प्रत्येक सर्जनला, मॅजिस्ट्रेटला, चहाच्या मळ्यावरील प्रत्येक मॅनेजरला माहीत होती. सामान्यतः सर्वांना असलेलें हें ज्ञान नेमक्या खटल्याच्या दिवशीं मात्र आरोपीला नसे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नोंदविली पाहिजे. या बचावाचा फायदा गोऱ्यांनींच घेतला असें नाहीं. १८७९ ते १८८१ या अवधींत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या छापील निवाड्यांत प्लीहा फाटून झालेल्या मृत्यूंचे फॉक्स, ओब्रायन, रणधीरसिंग व इदू बेग असे चार खटले सांपडतात. पहिल्या दोहोंत आरोपी युरोपियन, पुढल्या दोहोंत एतद्देशीय. नवऱ्याच्या मारानें बायको मेली आणि शवपरीक्षेंत प्लीहा निघाली, असेहि प्रसंग त्या काळच्या निवाड्यांत आहेत. आणि त्यांच्यासाठीं कोणत्याहि व्हाइसरॉयनें टिपण लिहिलें नाहीं, कोणत्याहि देशी पत्रानें अग्रलेख लिहिला नाहीं. शिवाय साक्ष देणारे डॉक्टर सरसकट खोटें बोलत होते असेंहि मला म्हणावयाचें नाहीं. वाढलेली प्लीहा हलक्या आघातानें फाटते हें वैद्यकीय सत्यच आहे. तथापि गोरा धनी आणि काळा नोकर या जोडींत तें सत्य इतक्या वेळां व इतक्या सोयीनें उपयोगी पडूं लागलें कीं, ‘साहेबाच्या बुटाची लाथ आणि नेटिवाची पानथरी’ हा देशी वर्तमानपत्रांच्या कडवट उपरोधाचा ठरीव विषय होऊन बसला.

वर्गांत मी येथवर आलों तेव्हां त्या वाड्याकडच्या मुलीनें विचारलें, “पण सर, त्याची पानथरी वाढली होती कशानें?”

मीं पंचवीस वर्षें हा खटला शिकवीत आहें. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि मीं स्वतःलाहि विचारला नव्हता. आग्र्याच्या मॅजिस्ट्रेटपुढें तो येण्याचें कारण नव्हतें हें खरें. तेथें पानथरी हा खटल्याचा शेवट होता. परंतु याच प्रश्नाचें उत्तर त्याच सरकारच्या दप्तरांत, खटल्याच्या जवळजवळ तीस वर्षें आधीं, लिहून ठेवलेलें होतें.

तें असें. दिल्लीच्या उत्तरेस पश्चिम यमुना कालव्याच्या कांठीं ताप इतका माजला कीं, कर्नाळची लष्करी छावणी सोडून देण्याची पाळी आली. तेवढ्यांत गंगेचा प्रचंड कालवा काढण्याचा बेत पुढें आला. त्यानेंहि असाच ताप पसरेल काय, हें पाहण्यासाठीं एक कमिटी नेमण्यांत आली. तींत बेकर आणि यूल हे दोन इंजिनिअर व डेम्प्स्टर नांवाचा डॉक्टर होता. (हा यूल म्हणजे पुढें ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश करणारा हेन्री यूल.) गांवोगांव हिंडून ‘तुमच्याकडे ताप किती?’ असें विचारण्यांत अर्थ नाहीं हें डेम्प्स्टरनें ओळखलें. लोक विसरतात, वाढवून सांगतात, किंवा साहेबाला पाहून कांहींच सांगत नाहींत. त्यानें गांवकऱ्यांना ओळीनें उभें केलें आणि प्रत्येकाच्या डाव्या बरगडीखालीं हात घालून पाहिलें. शेंकडा किती जणांची प्लीहा हाताला लागते, हा त्या गांवच्या तापाचा आंकडा. १८४७ सालीं या कमिटीचा अहवाल झाला. कालव्याला लागून असलेल्या आणि पाण्याचा निचरा अडलेल्या गांवांत पानथऱ्या फार. कालव्याचें पाणी असूनहि जेथें निचरा चांगला तेथें थोड्या, असें दिसून आलें. म्हणून नवा कालवा काढतांना जमिनीचे नैसर्गिक निचऱ्याचे मार्ग अडवूं नयेत अशी शिफारस झाली. हिंवतापाचा जंतु कोणी पाहिला त्याच्या तेहतीस वर्षें आधींची ही गोष्ट.

म्हणजे ‘याची प्लीहा वाढलेली आहे’ हें एकच वाक्य सरकारचे डॉक्टर दोन ठिकाणीं बोलत होते. न्यायालयांत तें मेलेल्याच्या देहाकडे बोट दाखवी, आणि कालव्यावर तें बांधणाऱ्याकडे. दोन्ही कागद एकाच सरकारच्या दप्तरांत राहून कधीं एकमेकांस भेटले नाहींत. आग्र्याचा कालवा १८७४ सालीं सुरू झाला आणि कतवारू १८७५ सालीं मेला. या दोन सालांची सांगड घालण्याचा मोह मलाहि झाला. पण तो मूळचा कोठला, त्याला ताप कोठें जडला, हें निवाड्यावरून कळत नाहीं. तेव्हां तो मोह आवरणेंच बरें.

डेम्प्स्टरची रीत मात्र पुढें जगभर गेली. १८८० सालीं अल्जीरियांत लाव्हेराननें रक्तांत जंतु पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसनें तो डांसाच्या जठरांत पाहिला. एवढा शोध लावल्यावरहि हाच रॉस १९०७-०८ सालीं मॉरिशस बेटावर हिंवतापाची पाहणी करण्यास गेला तेव्हां त्याचें मुख्य साधन सूक्ष्मदर्शक नव्हतें. उसाच्या मळ्यांवरील मुलांच्या पोटावर ठेवलेला हात हेंच होतें. त्या मळ्यांवर आपल्या कोंकणांतून गेलेलीं मराठी कुटुंबेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशोत्सव करतात. पंजाबांत १९०८ सालीं हिंवतापाची भयंकर सांथ आली. तिचा अभ्यास करून ख्रिस्टोफर्सनें १९११ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत पाऊस व पुराबरोबर धान्याच्या महागाईचीहि सांगड मृत्युसंख्येशीं घातलेली आहे. ताप सर्वांना येतो आणि उपाशी असतो तो मरतो, ही गोष्ट त्यामुळें आंकड्यांत उतरली.

महाराष्ट्राचा या शोधांतील वांटा आपल्याला फारसा ठाऊक नाहीं. वऱ्हाडांतील एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें ग्लेन लिस्टन नांवाच्या लष्करी डॉक्टरनें वर्षभर अनोफिलीस डांसांच्या संवयी टिपल्या व १९०१ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एका नव्या जातीला त्यानें ‘स्टीफेन्साय’ असें नांव दिलें. शहरांतील हिंवताप पसरविणारा हाच तो डांस. तो विहिरी, हौद, टाक्या यांच्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. दहा वर्षांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी बेंटलीनें केली तेव्हां मुलांच्या वाढलेल्या प्लीहांचा माग त्याला शहरांतल्या विहिरींपर्यंत घेऊन गेला. विहिरी बुजवा किंवा झांका, असा निष्कर्ष निघाला आणि मोठाच वाद माजला. पारशांच्या धर्मांत विहिरीच्या पाण्याला पावित्र्य. हिंदूंच्याहि किती तरी विहिरींत देवतांचा वास. शेवटीं डांसाला शिरतां येणार नाहीं अशीं झांकणें बसवून कांहीं विहिरी राखण्यांत आल्या. १७२५ सालची भिखा बेहरामची विहीर चर्चगेटजवळ अजून आहे. तिच्यावरून रोज जाणाऱ्या हजारों लोकांपैकीं कोणालाहि तिच्या जातभाईंच्या या खटल्याची आठवण नसेल. याच बेंटलीनें पुढें बंगालमध्यें रेल्वेचे बांध निचरा अडवून ताप वाढवितात हें वर्षानुवर्षें मांडलें. डेम्प्स्टरचेंच म्हणणें, फक्त कालव्याच्या जागीं रूळ.

सह्याद्रीच्या उताराची तऱ्हा निराळी. येथें विहिरींचा दोष नाहीं. झुळझुळ वाहणाऱ्या ओढ्याच्या कडेला गवतांत वाढणारी फ्लुव्हिआटिलिस नांवाची जात तेथला ताप पसरविते. आणि खालीं सपाटीवर नदीचीं डबकीं, पाट, भातखाचरें यांत क्युलिसिफेसीज. माझ्या आजीच्या गांवीं कोणता डांस होता तें आतां कोण सांगणार? परंतु भीमाशंकराच्या पायथ्याचे ते ओढे पाहिले म्हणजे मला पहिल्याचा संशय येतो.

राजगुरुनगरांत बसून हा विषय लिहितांना आणखी एका मृत्यूची आठवण टाळतां येत नाहीं. ३० ऑक्टोबर १९२८ रोजीं लाहोरास सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. त्रेसष्ट वर्षांच्या लाला लजपतरायांना त्या लागल्या आणि १७ नोव्हेंबरला ते वारले. मरण हृदयविकाराचें, त्या मारानेंच तें ओढवलें असें देशानें म्हटलें, आणि सरकारनें ती जबाबदारी नाकारली. प्लीहेचा येथें कांहीं संबंध नाहीं; परंतु मार आणि मरण यांच्यामध्यें मृताचा रोगी देह आणून उभा करण्याची ही तऱ्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या आग्र्याचीच होती. २९९ व्या कलमाचें तें पहिलें स्पष्टीकरण याहि वेळीं कोणा न्यायाधीशापुढें वाचलें गेलें नाहीं. बरोबर एक महिन्यानें, १७ डिसेंबरला, साँडर्स नांवाचा पोलीस अधिकारी गोळ्यांनीं मारला गेला. ज्याला मारावयाचें तो स्कॉट निराळाच होता. गोळ्या झाडणाऱ्यांत या खेड गांवीं १९०८ सालीं जन्मलेले शिवराम हरि राजगुरु होते. २३ मार्च १९३१ रोजीं त्यांना फांशी झाली. भीमेकांठचा त्यांचा वाडा पाहावयास शाळांच्या सहली येतात. लालाजींच्या मृत्यूचें कारण काय ठरलें होतें, हें मात्र त्या मुलांना सहसा कोणी सांगत नाहीं.

असो. पानथरीकडे परत येऊं. १९४६ सालीं तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील कारवार व धारवाड जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन् आणि रामचंद्र राव यांनीं घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचें फळ मोजतांनाहि पुन्हां मुलांच्या प्लीहाच चाचपण्यांत आल्या. त्या प्रयोगाच्या यशावर १९५३ ची राष्ट्रीय योजना उभी राहिली. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत वर्षाला साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६१ सालीं नोंदलेले रोगी पन्नास हजारांवर आले. मग हयगय झाली, डांस औषधाला सरावले, आणि १९७६ सालीं आंकडा चौसष्ट लाखांपुढें गेला. त्यानंतर तो पुन्हां खालीं आणण्यास कित्येक दशकें लागलीं. महाराष्ट्रांत आज गडचिरोलीचीं जंगलें हा त्याचा मुख्य आश्रय आहे.

आतां एखाद्याची प्लीहा वाढलेली आढळली तर डॉक्टर हिंवतापाबरोबर इतर पुष्कळ गोष्टींचा विचार करतात. विषमज्वर, यकृताचा जुना विकार, प्रवेशिनी शिरेंतील अडथळा, रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया ही यादी मोठी आहे. बिहार-बंगालकडील काळा आजार हेंहि एक कारण. त्याचा जंतु १९०३ सालीं लिशमन व डोनोव्हन यांनीं वेगवेगळा ओळखला, आणि उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं कलकत्त्याच्या एका लहानशा खोलींत त्यावर औषध सिद्ध केलें. न्यायालयांत ‘वाढलेली प्लीहा’ म्हणून नोंदलेल्या कित्येक कुलींचा रोग हिंवताप नसून हाच असला पाहिजे. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी मुलांत सिकलसेल हें कारण विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तांबड्या पेशीचा तो आनुवंशिक दोष. ज्या व्यक्तीला तो एकाच बाजूनें, आईकडून किंवा बापाकडून, मिळतो तिला हिंवताप फारसा जीवघेणा होत नाहीं. दोन्ही बाजूंनीं मिळाला तर मूल जन्मभर आजारी. हजारों वर्षांच्या हिंवतापानेंच हा दोष त्या रक्तांत निवडून ठेविला आहे. म्हणजे डांस गेला तरी पानथरी मागें राहिली.

आमच्या तालुक्याचें रूप आतां पार बदललें आहे. चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे आहेत. चासकमानच्या धरणाचें पाणी कालव्यानें शिरूरकडे जातें. इमारतींच्या बांधकामावर झारखंड, ओरिसा, छत्तीसगड येथून माणसें येतात, पत्र्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांच्यासाठीं भरून ठेवलेल्या उघड्या टाक्यांत लिस्टनचा तो एलिचपूरचा डांस अंडीं घालूं शकतो. ताप आला तर आरोग्यसेविका बोटाला सुई टोंचून रक्ताचा थेंब घेते. पोट कोणी चाचपीत नाहीं. थेंबानें मिळणारें उत्तर अधिक नेमकें असतें, यांत वाद नाहीं. दंडसंहिताहि १ जुलै २०२४ पासून बदलली. २९९ वें कलम आतां नव्या न्यायसंहितेंत १०० वें झालें आहे, आणि रोगी माणसाविषयींचें तें स्पष्टीकरण त्याच्याखालीं आहे तसेंच आहे.

माझी आजी नव्वदीच्या घरांत जाऊन वारली. शेवटच्या आजारांत तिला पाहावयास आलेला डॉक्टर तरुण होता. पोट तपासतांना त्याला ते तीन डाग दिसले, आणि हें काय म्हणून त्यानें विचारलें. तिनें सांगितलेला शब्द त्याला कळला नाहीं; मीं समजावून सांगितला. त्यानें मग तिला कुशीवर वळवून, श्वास घ्यावयास लावून, डाव्या बरगडीखालीं पुन्हां एकदां सावकाश हात घातला. कांहीं लागलें नाहीं.